भोंग्यावरचं आवतन

रामलिंग : म्हणजे आवतन माझ्या नावानं गेलं, गावानं ऐकलं, चंद्रप्पानं घेतलं, अन ज्याच्या नावानं गेलं त्यालाच पत्ता न्हाई! बाई, ही शाळा हाय का काय हाय?

शिवकन्याबाई : आबा, आधी बसा तरी. किती धापा टाकून राहिलात तुम्ही! ऋतुजा, आबांना खुर्ची दे. आणि तू रडू नको, कुणी मारत नाही तुला.

ऋतुजा : मी कुठं रडायले बाई? नाक गळायलंय.

रामलिंग : खुर्ची ऱ्हाऊ द्या. माझं ऐका. सकाळी शेतातून आलो अन हाटेलात चहाला बसलो. अण्णाराव आला अन माझ्या पाया पडला. माझ्यापेक्षा वयानं मोठा मानूस, बाई! म्हणतो, "रामलिंगा, दिल मोठं केलंस." म्या म्हनलं, कशाचं दिल? तवर धोंडाबाई आली दुधाची किटली घेऊन, ती पदरानं डोळे पुसायली. मला वाटलं गावात कोण गेलं का काय!

शिवकन्याबाई : मग?

रामलिंग : मग काय! म्हणे रामलिंगनं चंद्रप्पाला उद्याच्या येळवसचं आवतन धाडलं. कुणासंगं? म्हणे नातीसंगं. कुठून? म्हणे शाळेच्या भोंग्यावरून!

शिवकन्याबाई : अगं बाई! अहो आबा, ती गोष्ट होती!

रामलिंग : गोष्ट? गोष्टीत राजा असतोय, रानी असतीय, लई झालं तर कोल्हा असतोय. गोष्टीत रामलिंग कसा घुसला?

शिवकन्याबाई : मीच घुसवला म्हणा. अहो, महिनाभर झालं मी चौथीला गोष्ट लिहायला शिकवून राहिले. आल्या आल्या म्हटलं, लिहा रे एक गोष्ट. अख्ख्या वर्गानं एकच लिहिली. आटपाट नगर, राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती, आणि शेवटी 'तात्पर्य : नेहमी खरे बोलावे'. आबा, या पोरांनी उभ्या जन्मात राजा बघितला नाही. म्हणून सांगितलं, राजा बंद. आपल्या गल्लीतलं माणूस आणा. तो फळा बघा, सगळं लिहिलंय त्यावर.

रामलिंग : चष्मा घरी राहिला.

ऋतुजा : मी सांगते आबा! कोण? कुठं? काय बिघडलं? मग त्यानं काय केलं? शेवटी काय झालं? एवढं असलं की गोष्ट होती. काही बिघडलंच न्हाई तर गोष्ट होतच न्हाई.

रामलिंग : का बरं? चांगलं चाललेलं बघवत न्हाई का तुमच्या बाईला?

ऋतुजा : मी आधी चांगलंच लिहिलं होतं. 'आमची आई चांगली आहे. आमची आजी चांगली आहे. आमची शेळी चांगली आहे.' तर बाई म्हणल्या, ही गोष्ट न्हाई, हे तर शेळीचं प्रमाणपत्र झालं!

शिवकन्याबाई : मग काय म्हणू? मी तिला विचारलं, तुमच्याकडं सगळंच चांगलं आहे तर मग कुणी कुणावर रुसलेलं नाही का? तिनं जरा वेळ पेन्सिल चावली. आणि मग जी लिहायला बसली ना आबा, मधल्या सुट्टीत डबा खायला उठली नाही! मी वाचलं अन मला नाचावंसं वाटलं. भोकरला माझ्या आईला फोन करून वाचून दाखवलं मी.

रामलिंग : भोकरपर्यंत गेलं? म्हणजे आता नांदेड जिल्ह्यातबी माझी इज्जत राहिली न्हाई.

शिवकन्याबाई : इज्जत वाढली तुमची! माझी आई म्हणाली, असा म्हातारा मला बघायचाय.

रामलिंग : गोष्ट होती तर गावानं आवतन म्हणून कशी ऐकली? गाव काय येडं हाय?

शिवकन्याबाई : तेच मला कळून नाही राहिलं. परिपाठाला वाचायला लावली मी तिला, माईकवर. सुरुवात केली अन लाईट गेली. मी म्हटलं, जाऊ दे, पोरं ऐकून राहिलीत ना, वाच तशीच. ती वाचत राहिली...

ऋतुजा : अन लाईट आली बाई! शेवटालाच आली. भोंगा एकदम 'खर्रर्र' वाजला, मी दचकले, पण थांबले न्हाई. तुमीच म्हणल्या होत्या ना, वाचताना मधीच थांबायचं न्हाई.

रामलिंग : अन भोंग्यातून गेलं काय? तेवढं म्हण बरं.

ऋतुजा : 'रामलिंग आबा म्हणाले, चंद्रप्पा, उद्या येळवस आहे. आमच्या शेतात जेवायला या. रत्नम्माकाकूला पण आणा.' संपलं.

शिवकन्याबाई : एवढंच गेलं गावात?

रामलिंग : एवढं कमी झालं? बाई, तुम्ही भोकरच्या. तुमच्याकडं येळवस कशी करतेत मला मालूम न्हाई. आमच्या लातूरकडं येळ अमावस्येला गावात चिटपाखरू ऱ्हात न्हाई. सगळं गाव आपापल्या शेतात, खोपीपुढं बसून जेवतंय. अन आवतन कोण देतंय? घरातलं लेकरू देतंय. पत्रिका न्हाई, फोन न्हाई. लेकरानं येऊन म्हनलं, आमच्या शेतात या, की झालं. घरच्या कर्त्यानंच म्हनलं असं धरायचं.

शिवकन्याबाई : देवा! आणि मी लेकराच्या हातात माईक दिला!

रामलिंग : दिला ना! म्हनून म्हणतो, आता तोच भोंगा परत चालू करा अन सांगा की हे खोटं होतं.

ऋतुजा : खोटं न्हाई, आबा! गोष्ट हाय!

रामलिंग : एकच झालं.

ऋतुजा : एक न्हाई! खोटं म्हणजे, मी गुळाचा खडा खाल्ला अन म्हनलं मांजरानं खाल्ला, ते खोटं. गोष्ट म्हणजे मी आधीच सांगते की ही गोष्ट हाय. विचारा बाईला.

शिवकन्याबाई : शाब्बास! आबा, हे मी शिकवलेलं नाही हां. हे तिचं तिनं काढलं.

रामलिंग : तुमी दोघी मिळून मला येड्यात काढायल्या. बरं, लाईट न्हवती तवा काय वाचलंस? माझं काय काय मांडलंस त्यात?

ऋतुजा : म्हणू? पाठ हाय मला. 'रामलिंग आबांच्या मिशा मोठ्या आहेत. पण राग मिशांपेक्षा मोठा आहे. ते आणि चंद्रप्पा किराणावाले लहानपणापासून दोस्त होते. एकाला ठेच लागली की दुसरा लंगडायचा. चंद्रप्पाच्या पोरीचं लग्न मुरुडला होतं. माईकवर आबांचं नाव पुकारलं, फेटा बांधायला स्टेजवर या. आबा गेले. तर फेटे संपले होते. मग त्यांना टावेल-टोपी दिली. तवापासून आबा बोलत नाहीत.'

रामलिंग : थांब! टावेल कुठून आणलास? टावेल न्हवता. नुसती टोपी!

ऋतुजा : नुसती टोपी?

रामलिंग : नुसती! अन तीबी माझ्या डोक्याला बारीक. बाई, तुमी सांगा, त्या लग्नाचा मांडव कुणी उभा केला? म्या. पाण्याचा टँकर कुणी आणला? म्या. आचाऱ्याला शिव्या कुणी दिल्या? म्या! नवरदेवाकडची मानसं जास्त आली, त्यांच्या डोक्यावर सगळे फेटे गेले. अन माईकवाला वरडायला, "रामलिंगराव, स्टेजकडं या, रामलिंगराव!" म्या गेलो. छाती काढून गेलो, बाई! डोकं म्होरं केलं. तो पोरगा इकडं बघतोय, तिकडं बघतोय, पेटीत हात घालतोय. पेटी रिकामी! मग कुणाच्या तरी खिशातली टोपी काढली अन ठेवली माझ्या डोक्यावर. वरून फोटोवाला म्हणतोय, "काका, हसा!"

ऋतुजा : हसलात का आबा?

रामलिंग : हसलो की! त्या फोटोत म्या हसायलोय, तेच तर दुखतंय!

शिवकन्याबाई : आबा! आबा, थांबा, हे मला फळ्यावर लिहू द्या. 'काका, हसा!' ऋतुजा, बघ, आबांनी नुसतं 'मला वाईट वाटलं' असं म्हटलं का? नाही ना? पण आपल्याला कळलं की नाही?

ऋतुजा : कळलं! आबा, तुमची गोष्ट माझ्यापेक्षा लई भारी हाय!

रामलिंग : मग! म्या तितं होतो ना.

शिवकन्याबाई : आणि चंद्रप्पा कुठं होते त्या वेळी?

रामलिंग : कुठं असणार? आत, व्याह्याचे पाय धरून बसला असंल. पोरीचा बाप. त्याला काय मालूम पेटीत काय हाय अन काय न्हाई.

शिवकन्याबाई : म्हणजे त्यांनी केलं नाही हे.

रामलिंग : केलं न्हाई. पण नंतर येऊन म्हणायचं होतं एकदा, "रामलिंगा, चुकलं." त्यानं वाट बघितली मी निवळायची, म्या वाट बघितली त्यानं यायची. अन वाट बघता बघता दोघांच्याबी मिशा पिकल्या. जाऊ द्या. तुमी मला बोलतं करायल्या अन मूळ काम राहिलं. भोंगा लावा.

ऋतुजा : आबा, काकांनी दाढी केली.

रामलिंग : कुणी?

ऋतुजा : चंद्रप्पाकाकांनी. मी पाणी प्यायला टाकीवर गेले तवा दिसले. न्हाव्याकडं बसले होते, तोंडाला सगळा फेस. मला बघून म्हणले, "आबाला सांग, येतो म्हणाव." अन रत्नम्माकाकूनं सदरा इस्त्रीला दिलाय.

रामलिंग : हे तू मला आत्ता सांगायलीस?

ऋतुजा : तुमी वरडतच होता की!

शिवकन्याबाई : एक सांग ऋतुजा. अख्ख्या गावात तुला हेच दोघं का सुचले? मी विचारलंच नाही तुला.

ऋतुजा : सांगू? आबा रागावतील.

रामलिंग : सांग. आता रागवायला काय उरलंय?

ऋतुजा : गेल्या येळवसला आपण शेतात गेलो, अन आजी मीठ विसरली. मला म्हणाली, पळत जा, घेऊन ये. मी आले तर गावात कुणीच न्हाई. गल्लीत कुत्रंबी न्हवतं. सगळी दारं लावलेली. मला भ्याव वाटलं. फक्त काकांचं दुकान उघडं. ते एकटेच बसले होते. काकांना शेत न्हाई ना, ते कुठं जाणार? गिऱ्हाईक बी न्हाई कुणी. मी म्हनलं, काका, दुकान काऊन उघडं ठेवलं? तर म्हणले, "कुणी काही विसरलं अन माघारी आलं तर?" अन मला खडीसाखर दिली. मीठ पण दिलं.

शिवकन्याबाई : म्हणून तू काकांवर लिहिलंस?

ऋतुजा : बाई, तुमी म्हणल्या होत्या, जे बघून आपल्याला कसंतरी झालं ते लिहा. मला तवा कसंतरी झालं होतं.

रामलिंग : ते मीठ आपण शेंगा-भाज्यांच्या भज्जीत घातलं?

ऋतुजा : हाव. तुमी दोनदा भज्जी घेतली.

रामलिंग : मला कुणी बोललं न्हाई.

ऋतुजा : त्यांचं नाव घेतलं की तुमी ताट सरकवता.

शिवकन्याबाई : आबा, बसा आता. ऋतुजा, तांब्यात पाणी आण. हे बघा, चूक माझी आहे. मला तुमचा रिवाज माहीत नव्हता, मी लेकराच्या तोंडी खरी नावं दिली. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता, या घडीला भोंग्यावरून सांगते. लाईट आहे. फक्त काय म्हणायचं ते तुम्ही सांगा.

रामलिंग : सांगा की... सांगा की रामलिंगनं आवतन दिलेलं न्हाई.

शिवकन्याबाई : बरं. 'रामलिंगरावांनी आवतन दिलेलं नाही. तरी चंद्रप्पांनी उद्या त्यांच्या शेतात येऊ नये.'

रामलिंग : येऊ नये? 'येऊ नये' कसं म्हणता बाई? येळवसला वाटंनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालतेत, अन तुमी भोंग्यावरून 'येऊ नये' म्हणणार? माझ्या सात पिढ्या वर तोंड काढतील! दुसरं काहीतरी म्हणा.

शिवकन्याबाई : मग... 'सकाळी जे ऐकलं ती शाळेतली गोष्ट होती. चंद्रप्पांनी मनावर घेऊ नये.'

ऋतुजा : पण त्यांनी घेतलंय की. दाढी केली.

रामलिंग : दाढी केलेल्या माणसाला असं सांगायचं? गाव हसंल त्याला. म्हनतील, म्हातारा खोट्या आवतनाला भुलला. नको. त्यात त्याचं नावच घेऊ नका.

शिवकन्याबाई : 'सकाळी जे ऐकलं ती गोष्ट होती. ज्यांना यायचं त्यांनी यावं.'

रामलिंग : मग तर अख्खं गाव येईल माझ्या शेतात!

ऋतुजा : आबा, मी सांगू? 'ज्यांनी दाढी केली त्यांनी यावं.'

रामलिंग : गप गं! हसायला काय झालं बाई? तुमीबी हसायल्या! मी हितं अडकलोय अन तुमाला हसू यायलंय!

शिवकन्याबाई : हसू नको तर काय करू आबा? अहो, चौथीची पोरं महिनाभर एक वाक्य धड लिहीनात, अन तुम्ही प्रत्येक वाक्य खोडून खोडून असं करून राहिलात की चंद्रप्पा आलेच पाहिजेत!

रामलिंग : मी तसं म्हनलो न्हाई.

शिवकन्याबाई : मग म्हणा ना स्पष्ट, येऊ नको. मी बटण दाबते. हे बघा, दाबलं. लाल दिवा लागला. बोला.

रामलिंग : ...

ऋतुजा : आबा?

रामलिंग : बंद करा ते. बंद करा म्हणतो ना! श्वास बी ऐकू जात असंल गावात.

शिवकन्याबाई : केलं बंद.

रामलिंग : येऊ द्या. जेवंल अन जाईल. येळवसच्या दिवशी अन्नाला न्हाई म्हणता येत न्हाई, म्हनून. पण एक ध्यानात ठेवा, मी एक शबूद बोलणार न्हाई. 'ये' म्हणणार न्हाई अन 'जा' बी म्हणणार न्हाई.

ऋतुजा : बाई! बाई, माझी गोष्ट खरी होणार!

शिवकन्याबाई : हळू, हळू. उड्या मारू नको, बाक मोडंल.

रामलिंग : अन बाई, तुमी बी यायचं उद्या. हे सगळं तुमीच करून ठेवलंय. काय व्हायचं ते तुमच्या डोळ्यादेखत होऊ द्या.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. रामलिंगचं शेत. कडब्याच्या खोपीपुढं पत्रावळी मांडलेल्या.)

ऋतुजा : बाई, तिकडं बघा! बांधाच्या पलीकडं. पांढरा सदरा!

शिवकन्याबाई : आले? अगं, पण ते तिथं काऊन थांबलेत? रत्नम्माकाकू तर कधीच आल्या, खोपीत तुझ्या आजीच्या गळ्यात पडून हसून राहिल्यात.

ऋतुजा : बायकांचं चालतंय. पण शेताच्या मालकानं 'ये' म्हनल्याबगर पाव्हना बांध वलांडत न्हाई. आबांनीच 'ये' म्हणायला पाहिजे.

शिवकन्याबाई : आणि तुझे आबा तर म्हणणार नाहीत म्हणाले!

ऋतुजा : मी म्हणू? मी पळत जाते, हाताला धरून आणते...

शिवकन्याबाई : थांब. नाही. तू काल म्हटलंस, आता ज्याचं त्यालाच म्हणू दे.

ऋतुजा : पण ते म्हणले न्हाईत तर? बाई, माझी छाती लई धडधडायलीय.

शिवकन्याबाई : माझी पण. हात दे इकडं.

रामलिंग : काय कुजबुजायल्या दोघी? आंबील वाढायची का न्हाई? दुपार कलायली.

ऋतुजा : आबा, चंद्रप्पाकाका आलेत.

रामलिंग : दिसतंय मला. माझे डोळे चष्म्याबगरबी बांधापर्यंत पोचतेत.

ऋतुजा : उन्हात उभे हायत.

रामलिंग : थंडीचं ऊन हाय. लागत न्हाई.

शिवकन्याबाई : आबा, पाणी तरी पाठवू का?

रामलिंग : पाण्याला आलाय का तो?

ऋतुजा : बाई! बाई, ते माघारी फिरले! चालले! आबा, काका चालले, बघा की! आबा, मी पाया पडते तुमच्या, म्हणा ना!

शिवकन्याबाई : आबा, तो पार रस्त्यापर्यंत पोचला माणूस.

रामलिंग : चंद्रप्पा!

ऋतुजा : ऐकू गेलं न्हाई. वारं उलटं हाय. परत, आबा, मोठ्यानं!

रामलिंग : ए चंद्र्या! ये! आरं ये की इकडं! ये, ये, ये!

ऋतुजा : थांबले! बाई, थांबले! वळले! काका पळायलेत! या वयात पळायलेत!

शिवकन्याबाई : अगं, मला दिसून नाही राहिलं काही. डोळेच भरले माझे. वलांडला का बांध?

ऋतुजा : वलांडला! आले! आबा, पण तुमी काकांना सोडून पानं मांडलीत, त्यांना पान न्हाई. मी खोपीतून दुसरं आणू?

रामलिंग : दुसरं कशाला? बसव त्याला माझ्या पानावर. मी वाढतो.